दोन बाइटची स्नेहल

कान्हे गावच्या स्नेहलला कुणी विचारलं, "बाई, तू काम काय करतेस?" तर ती सरळ सांगते, "मशीनला थांबायला शिकवते." विचारणारा "बरं बरं" म्हणतो आणि भाताच्या भावावर येतो. त्याचं तरी काय चुकलं? जगातली माणसं मशीन चालवायला शिकतात, आणि दत्तोबांची ही लेक थांबवायला!

पण तिचं पोट खरंच त्यावर चालतं. परंदवडीच्या बाजूला एक छोटीशी कंपनी आहे. तिथं पत्रा कापायच्या प्रेससाठी इलेक्ट्रॉनिक बोर्ड बनतात. बोर्डावरचा प्रोसेसर ज्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या हुकमात असतो, तिचा अगदी तळाचा भाग स्नेहल लिहिते. त्या तळात तिनं दहा हजार तपासण्या पेरून ठेवल्या होत्या. आलेला आकडा हद्दीतला आहे का? मागितलेली जागा खरंच आपली आहे का? जरा गडबड दिसली की प्रोसेसरनं आहे तिथं उभं राहायचं. तो उभा राहिला की प्रेसचं पातं वरच अडकून राहतं.

एवढा हट्ट कशाला, असं वाटेल. तर दत्तोबांच्या उजव्या हाताला तीनच बोटं आहेत. उरलेली दोन बावीस वर्षांपूर्वी अशाच एका प्रेसनं नेली. दत्तोबा त्याचीही थट्टा करतात. पाहुण्यांना हात दाखवून म्हणतात, "तीनात भागतंय की समदं, दोन उगाच सांभाळत व्हतो." पाहुणे हसतात. स्नेहलला मात्र त्या थट्टेचा अजून राग येतो.

आता मालक अमृत. माणूस वाईट नाही, पण मेमरीच्या बाबतीत महाचिकट. एका सोमवारी त्यानं स्नेहलला बोलावलं.

"तुझ्या तपासण्यांनी सगळी जागा खाल्ली गं. एकेकीला बारा-बारा बाइट! शुक्रवारपर्यंत आवरत्या घे, नाहीतर सगळ्या काढून टाकू. गिऱ्हाईक काय तपासण्या मोजून माल घेतं?"

सगळ्या काढून टाकू! स्नेहल तडक जागेवर येऊन बसली. तिनं प्रोसेसरचं जाडजूड माहितीपुस्तक उघडलं आणि थांबायला लावणाऱ्या सूचना शोधायला बसली. दोन सापडल्या. पहिली एका बाइटची. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मध्येच डोकावायचं असेल तेव्हा वापरायची, म्हणजे प्रोसेसर थांबतो आणि म्हणतो, बघा काय बघायचं ते. दुसरी दोन बाइटची. ती मुद्दाम निरर्थक ठेवलेली. ती समोर आली की प्रोसेसर हातच वर करतो, हे काम मला येत नाही म्हणतो.

आता बाराचं ओझं वाहणाऱ्या बाईला एक दिसल्यावर ती दोनाकडं कशाला बघेल? स्नेहलला नुसती लाळ सुटली. संध्याकाळपर्यंत तिनं दहा हजार जागी एक बाइटची सूचना बसवून टाकली. अमृत एवढा खूष झाला की त्यानं स्वतःच्या पैशानं सगळ्यांना वडापाव खाऊ घातला, आणि हे कंपनीत पहिल्यांदाच घडलं.

बुधवारी चाचणीचा कागद आला. साठ बोर्ड, आणि साठांपुढं एकच शेरा: न थांबता पास. अमृतनं तो कागद मिरवला. स्नेहलनं मात्र तो दोनदा वाचला. त्या चाचणीत बोर्डाला मुद्दाम चुकीचे आकडे देतात. तिथं बोर्डानं थांबायलाच हवं. न थांबता पास म्हणजे साफ नापास!

ती तशीच चाचणीच्या टेबलाकडं गेली. तिथं उमेश बसतो, डोंगराकडच्या वाडीतला, कामाला वाघ. त्याच्या कीबोर्डवर, 'पुढं चालू' करायच्या बटणावर, पावशेराचं लोखंडी वजन बसलेलं.

"उमेश, हे काय आहे?"

"वजान, ताई."

"ते दिसतंय मला. इथं कशाला?"

"आवो, तुमचं नवं आल्यापासनं बोर्ड थांबला की 'पुढं जाऊ का' म्हणून इचारतोय. इचारलं की पुढं दाब, आसं अमृतसायबांनीच सांगितलंय. मंगळवारी दिसभर दाबलं, बोट लय दुकाया लागलं. मंग आयचं करवंदं इकायचं वजान आणलं. आता आपला आपुन पुढं जातोय. झ्याक चाललंय का न्हाई?"

शाबासकीसाठी त्याचा चेहरा फुलला होता. रागवायचं कुणावर? त्यानं सांगितलेलंच केलं होतं, वर डोकंही चालवलं होतं. स्नेहलला राग आला तो स्वतःचा. एका बाइटची ती सूचना होतीच तशी. 'पुढं' म्हटलं की प्रोसेसर तिच्या पलीकडच्या ओळीवर जाणार, बंद फाटकाखालून वाकून मोटारसायकल काढल्यासारखा. दोन बाइटच्या सूचनेत तसं नाही. तिथं कितीही वेळा 'पुढं' म्हणा, प्रोसेसर फिरून त्याच सूचनेवर येतो आणि पुन्हा हात वर करतो. पुस्तकात हे स्वच्छ लिहिलं होतं. तिनं वाचलंही होतं, पण बाईचं सगळं लक्ष त्या वाचवलेल्या एका बाइटवर!

गुरुवारी सकाळी चहाच्या वेळी तिनं दत्तोबांना सांगितलं, "आबा, मी लय मोठी चूक केली."

"केवढी?"

"एका बाइटची."

"त्ये मला काय कळतंय? मालकाला सांग की. हितं चा गार करून काय व्हणार हाय?"

सांगायला तिची ना नव्हती. भीती वेगळीच होती. एकाचे दोन मागितले तर अमृत सगळंच काढायला लावेल, आणि मग चुकलेला आकडा खुशाल पात्यापर्यंत जाईल.

शुक्रवारी तिनं सांगितलं. अमृत उसळलाच. "दुप्पट? अगं, एकाची काय आणि दोनाची काय, थांबणं ते थांबणं! एक ठेव, नाहीतर काढून टाक."

"मग बघायला तरी चला सर."

चाचणीच्या प्रेसवर तिनं पात्याखाली एक काकडी ठेवली. आधी एक बाइटवाला बोर्ड लावला. उमेशनं चुकीचा आकडा दिला. बोर्ड थांबला. उमेशनं बटणावर वजन ठेवलं आणि पातं खाडकन खाली आलं. काकडीचा एक तुकडा अमृतच्या बुटापाशी येऊन पडला.

मग दोन बाइटवाला बोर्ड, नवी काकडी, तोच चुकीचा आकडा. उमेशनं वजन ठेवलं. पातं वरच. अमृत खुर्ची ओढून बसला, वजन बाजूला सारलं आणि स्वतः बटण दाबलं, चारदा, पाचदा. पातं हललं नाही.

"ठीक आहे," तो म्हणाला, पण आवाज पडला होता. "तरी पण दुप्पट म्हणजे जास्तच होतं गं. इतका काही फरक..."

स्नेहलनं बाही वर केली आणि काकडी काढायला म्हणून हात पात्याखाली घातला. हा शुद्ध आचरटपणा होता, कुणी करू नये. दत्तोबा तिथं असते तर तीन बोटांनी का होईना, मुस्काटात ठेवून दिली असती. पण तिनं घातला, आणि तो तिथंच ठेवला.

"दाबा सर."

अमृतचं बोट बटणाच्या वर तसंच राहिलं. उमेशनं हळूच वजन उचलून खिशात घातलं.

"हा बोर्ड नक्की दोनाचा आहे ना?" अमृतनं विचारलं.

"दोनाचाच आहे. पण तुम्हीच म्हणालात ना, एकाची काय आणि दोनाची काय? दाबा की."

अमृतनं बोट मागं घेतलं. मग खुर्चीही मागं घेतली.

"दोनाचीच ठेव, सगळीकडं," तो म्हणाला. "जागेचं मी बघतो. आधी तो हात काढ बाई."