मोटर बंदच होती

"सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस, दोन्ही कान," डॉक्टर म्हणाले आणि कागद पप्पांकडं न देता माझ्याकडं सरकवला. म्हणजे कानाच्या आतल्या बारीक नसा कामातून गेल्यात, आणि त्या परत येत नाहीत.

पप्पा हसले. "मशीन बिघडलं असंल तुमचं."

मला तर वेगळाच संशय आला. येताना जिन्याखालीच कानाच्या मशीनचं दुकान बघितलं होतं.

हे मी बोटीवर काम करणाऱ्यांच्या घरच्यांसाठी लिहितेय. घाईत टाइप करतेय, चुका असतील, पण पूर्ण वाचा.

माझे पप्पा मर्चंट नेव्हीत फिटर. कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात काम शिकले, मग सव्वीस वर्षं बोटीच्या इंजिन रूममध्ये. सोलापुरात लोकांना नेव्ही म्हटलं की पांढरा कडक ड्रेस दिसतो. पप्पांचा ड्रेस म्हणजे तेलानं काळा झालेला बॉयलर सूट. आठ महिने बोटीवर, दोन-तीन महिने घरी, दर वेळी नवीन कॉन्ट्रॅक्ट, नवीन मेडिकल. पर्मनंट नाही, पेन्शन नाही. आमच्या गल्लीत रेल्वेतनं रिटायर झालेले एक काका आहेत, ते पेपर घेऊन कट्ट्यावर बसले की पप्पा लांबून बघत राहायचे. म्हणायचे, "ह्यांना हार घालून घरी सोडतात. आमाला फोन यायचा बंद झाला की समजायचं."

वय अठ्ठावन्न. एक शेवटचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं होतं, महिन्याभरात बोट पकडायची होती.

सुरुवात झाली घरच्या पाण्याच्या मोटरपासनं. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी येतं, मोटर लावून वरच्या टाकीत चढवायचं. सुट्टीवर आल्यापासनं पप्पा सारखं म्हणायला लागले, "मोटर बंद कर की गं." मोटर बंदच असायची. माझ्यावर विश्वास नाही. स्वतः खाली जाऊन मोटरवर तळहात ठेवायचे, थरथरतीय का बघायला. बोटीवर पंप असाच बघतात म्हणे. मग एकदा पाण्याच्या दिवशी उलटंच. टाकी भरून वाहतीय, मोटर बोंबलतीय, आणि पप्पा तिच्या शेजारी उभं राहून निवांत चहा पितायत.

आई म्हणाली, "ह्यांना डॉक्टरकडं ने बाई. मला वाटायचं माझंच तेवढं मुद्दाम ऐकत न्हाईत."

बाहेर नसलेला आवाज कानात सतत येतो, पप्पांना मोटरचा यायचा तसा, त्याला टिनिटस म्हणतात. आणि ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची टेस्ट. काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसवतात, बारीक टूं ऐकू आलं की बटण दाबायचं. एवढंच.

घरी आल्यावर मी मुंबईच्या मागच्या मेडिकलचा रिपोर्ट काढला. कान नॉर्मल. दोन्ही कागद शेजारी ठेवले. एक तर खोटा होता. डॉक्टर दुकानवाल्याला मिळालाय, नाहीतर बोटीचं काम मिळवून देणाऱ्या एजंटनंच मागनं फोन करून म्हाताऱ्याला काढायला सांगितलंय, असं काय काय माझ्या डोक्यात. पप्पांवर संशय? छे.

चार दिवसांनी दुसऱ्या हॉस्पिटलात गेलो. दोन तास बाकड्यावर. टेस्ट घेणाऱ्या मॅडमच्या खुर्चीमागं मी उभी राहिले, काही गडबड केली तर पकडायची म्हणून. काचेपलीकडं पप्पा. टेस्ट संपत आली तशा मॅडम म्हणाल्या, "वयाच्या मानानं बरंय की."

मी खूश व्हायला हवं होतं. पण मी मघापासनं पप्पांचे डोळे बघत होते. ते मॅडमच्या उजव्या खांद्यावर होते. मॅडम इकडं बटण दाबायच्या, खांदा जरा हलायचा, तिकडं पप्पांचा अंगठा दाबायचा. दर वेळी. आणि मला आठवलं, पहिल्या दवाखान्यात खिडकीतनं ऊन येत होतं म्हणून काचेवरचा पडदा ओढला होता.

मी म्हणाले, "मॅडम, पडदा लावून परत घेता का?"

काचेआड पप्पांना ऐकू गेलं नाही. पण ते ओठ वाचतात, हे मला त्या क्षणी कळलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

पडदा लावल्यावर टेस्टचा आलेख पहिल्या दवाखान्यातल्यासारखाच खराब आला. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "हे सात-आठ वर्षांपासनं असणार. कुणीच पकडलं नाही?"

"पकडलं असतं तर तवाच घरी बसवलं असतं की," पप्पा म्हणाले.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी शेंगा फोडत बसलेले, येऊन शेजारी बसले आणि आपणहून सांगायला लागले. बोटीच्या इंजिन रूममध्ये आग लागली की ती विझवायला कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्यात माणूसही गुदमरतो. त्याच्या आधी भोंगा वाजतो. भोंगा वाजला की हातातलं टाकून वर पळायचं, मागं राहील तो गेला. मागच्या बोटीवर तो वाजला, सगळे वर गेले, पप्पा खाली वेल्डिंग करत राहिले. एक फिलिपिनो ऑइलर, म्हणजे इंजिनला तेलपाणी करणारा, परत उतरला आणि कॉलर धरून त्यांना वर घेऊन गेला.

"मग?"

"ड्रिल हुती, आगीची नुसती प्रॅक्टिस. कानात बोळे हुते म्हणून सांगितलं."

"आणि खरंच आग असती तर?"

पप्पांनी माझ्या पुढ्यातली एक शेंग घेऊन फोडली. मग म्हणाले, "मी गेलो असतो ते जाऊ दे. त्यो पोरांबाळांचा मानूस माझ्यासाटी उतरला असता की पुन्यांदा."

त्याच दुपारी त्यांनी एजंटला फोन केला, स्पीकरवर. स्वतः सांगितलं. एजंट म्हणाला, "बरं फिटरसाब, कळवतो." त्यानंतर फोन आलेला नाही.

कानाची मशीनं घेतली, जिन्याखालच्या दुकानातनं नाही, माझा संशय अजून गेलेला नाही. डॉक्टर म्हणाले सवय व्हायला महिने लागतील. भांड्याचा आवाज आला की अजून दचकतात. तुमच्या घरी असं कोणी असेल तर टेस्टला बरोबर जा, आणि पडदा लावायला सांगा. त्या मॅडमचे आभार मानायचे राहिले, त्यांनी एक प्रश्न न विचारता पडदा ओढला. त्या ऑइलरचं नाव पप्पांना नीट माहीत नाही. ऐकूच आलं नव्हतं.

कानातला आवाज मात्र जाणार नाही. काल पप्पांनी विचारलं, "मोटर चालू हाय का गं?"

"बंदाय, पप्पा."

"बरं," म्हणाले, आणि खाली बघायला गेले नाहीत.