मुरूम लागला

शहराच्या कडेला, बनशंकरीच्या पुढे एक तळं बुजवून त्यावर चार मजली इमारत उठत होती, तेव्हाची, १९९३ सालची गोष्ट. वर भरावाची माती, खाली नुसता चिखल. त्यात यंत्राची दांडी घुसवायची, चुना-सिमेंट सोडत चिखल घुसळायचा, की महिन्याभरात जमिनीच्या पोटात खांब तयार. दगडाइतका कडक नाही, पण भार पेलणारा. अट एकच, खांबाचा पाय खालच्या कडक मुरमाला टेकला पाहिजे.

दांडीवर निपाणीकडचा देवाप्पा असायचा. मुरूम लागला की मुठीत थरथर येते, ती त्याच्याइतकी कुणाला कळत नसे. तो "लागला" म्हणाला की इंजिनिअर श्रीकांतसाहेब मोजमाप न बघता सही ठोकत. साहेबांना तेवढाच ताप कमी.

शेवटच्या कोपऱ्यात चिखल फारच खोल निघाला. दांडीला जोड लावायची म्हणजे आणखी दोन दिवस. नेमका त्याच सकाळी गावाहून निरोप आला, बायको ठकुबाई बाळंतपणात अडली आहे. देवाप्पाने मुठीत थरथर न येताच अकरा खांबांना अकरा वेळा "लागला" म्हटलं आणि दुपारची बस पकडली. बायको वाचली, मुलगी झाली. तिचं नाव भाग्यलक्ष्मी ठेवलं.

इमारतीत माणसं राहायला आली आणि तो कोपरा देवाप्पाच्या मानगुटीवर बसला. तळमजल्यावर तिथेच वॉचमनची खोली होती. ती नोकरी त्याने हात जोडून मागून घेतली. पक्कं घर मिळालं म्हणून ठकुबाई हरखली. भिंतीला बारीक चीर गेली, तेव्हा त्याने तिच्यावर आडवी काचपट्टी चिकटवली. चीर वाढली की काच फुटते. रोज उठल्या उठल्या तो देवाआधी काच बघायचा.

१९९७ साली एका सकाळी ती फुटलेली दिसली. तो तसाच शहरात बसवनगुडीला साहेबांच्या घरी गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. साहेबांचा चेहरा उतरला.

"ठाऊक होतं, तर तू तिथेच का राहिलास?"

"कुनीतरी ऱ्हानारच हुतं की तितं."

साहेब म्हणाले, कुठे बोलू नकोस, नवी काच लाव. देवाप्पाला त्यांची किळस आली, आणि स्वतःची त्याहून जास्त.

घरी येऊन त्याने आधी ठकुबाईला सांगितलं. भाग्यलक्ष्मी चिरेखालीच खेळत होती. ठकुबाईने सगळं ऐकून घेतलं.

"तुमच्या पापाला तुमी हितं ऱ्हायलासा. मला आनि पोरीला इचारलं हुतं काय?"

तिने पोरीला काखोटीला मारलं आणि बाहेर जाऊन उभी राहिली. देवाप्पा एकटाच जिना चढू लागला. वरच्या सोळा घरांना अजून सांगायचं होतं.