कोपरापर्यंत पिवळी

कॅन्टीनच्या भिंतीवर, जिथे शिफ्टचा तक्ता लावत, तिथे माझ्या उघड्या पाठीचा फोटो चिकटवला होता. रंगीत. बाई नळाखाली बसलेली, कमरेच्या वर कपडा नाही, तोंड भिंतीकडे. हात कोपरापर्यंत पिवळे. चहाच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "हळद लागली हिला. नवरदेव कोन हाय?"

सगळे हसले. मी त्याच रांगेत होते, हातात पेला घेऊन.

रोह्याच्या त्या रंगाच्या कंपनीत आम्ही बाया पावडर पोत्यांत भरायचो. नवरा वारला आणि त्याच्या जागी मला घेतलं. पिवळा रंग घामावर बसला की साबणाला दाद देत नसे. तसंच अष्टमी गावात घरी गेलं तर उशी पिवळी, भाकरी पिवळी, पोराचे गाल पिवळे. म्हणून शिफ्ट सुटली की शेडमागच्या नळावर अंघोळ करायची. आम्ही न्हाणीघर मागितलं होतं. मॅनेजरने ताडपत्री दिली. सुपरवायझर म्हणजे त्याचाच मेहुणा. कंपनीच्या पूजेचे, सत्काराचे फोटो हाच काढायचा. ताडपत्रीला भोक कुणी पाडलं हे विचारायची गरज नव्हती.

फोटोत चेहरा नव्हता. त्यामुळे आमच्या खात्यातली प्रत्येक बाई संशयात आली. घरोघरी नवरे पाठी तपासायला लागले. मग बायांनी एक वेडेपणा केला. हात पिवळे नसले तर आपण त्यातल्या नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं. पाण्याच्या टाकीत टाकायची ब्लीचिंग पावडर आणली आणि हातांना चोळली. माझ्या शेजारी पोती शिवणारी सुमन, तिच्या हातांची सालं निघाली. भाकरी थापता येईना. मला म्हणाली, "मी नाय ती. तुला म्हाईत हाय ना?"

मला माहीत होतं. फोटोतल्या पाठीवर भाजल्याचा पुसट डाग होता, ठाऊक असणाऱ्यालाच कळेल असा. तो माझा.

आई पेणहून आली. जन्म मिठागरावर गेला तिचा. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "आमी कास्टा मारून मांडीभर चिखलात उभ्या रायचो. येनाराजानारा बगायचा. बगून कोनी घरी नेलं नाय. ह्यानं नेलं. चोर हाय तो." मग चहा प्याली आणि म्हणाली, "नोकरी जाईल गो, ते धरून चाल."

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर मी अंघोळ केली नाही. कॅन्टीनमध्ये गेले, फोटो भिंतीवरून सोलून काढला. सगळ्यांसमोर म्हटलं, "ही मी आहे. बाकीच्या बायांनी हात जाळून घेऊ नयेत." आणि तशीच, पिवळी, पोलीस ठाण्याकडे निघाले. मागे सुमन. तिच्यामागे बाकीच्या. बाजारातली माणसं बाजूला होत होती, रंग लागेल म्हणून.

हवालदाराने फोटो निरखून बघितला. शेजारच्याला दिला. त्यानेही निरखला.

"चेहरा दिसत नाय. तूच कशावरून?"

"मी सांगते म्हणून. पाठ एकदा बघितलीत. परत दाखवणार नाही."

मग साहेब आले. म्हणाले, "हे अश्लील आहे का, ते आधी ठरवावं लागेल. तसं यात काही दिसत नाही. आणि अश्लील ठरलं, तर उघड्यावर अंघोळ का करत होतात, हेही विचारतील."

माझी पाठ किती दिसते यावर तासभर बोलणं झालं. मी हो म्हटलं होतं का, हे एकानेही विचारलं नाही. कायद्यातच तो प्रश्न नव्हता, तर ते कुठून विचारणार?

सुपरवायझरची मुंबईच्या ऑफिसात बदली झाली. बढतीवर. निगेटिव्ह कधी मिळाली नाही. मला काढलं. आज कोलाडला हायवेवर माझी खानावळ आहे, सुमन भाकऱ्या करते. तिचे हात बरे झाले, कातडी मात्र दोन रंगांची राहिली.

परवा पेणजवळच्या रामवाडीची एक पोरगी मला शोधत आली. ज्याच्याशी लग्न ठरलं होतं त्याने तिचे फोटो काढले. लग्न मोडलं, तसे त्याने ते मित्रांत वाटले. ती मान खाली घालून म्हणाली, "मावशी, काढताना मी नाय म्हटलं नव्हतं."

"काढायला. वाटायला?"

तिने मान वर केली. "ते कोनी विचारलंच नाय."

तेच तर. काढायला दिलेला होकार वाटायला चालत नाही. कुणी किती उघडं आहे हे मोजणारा कायदा आमच्या कामाचा नाही. बाईने हो म्हटलं होतं का, एवढं विचारणारा हवा. नसेल तर तो करून घ्यावा लागेल, आणि त्यासाठी जिथे बोलावतील तिथे मी माझ्या नावानिशी उभी राहीन.

उद्या तिच्याबरोबर पेणच्या ठाण्यात जाणार आहे. फोटो टेबलावर पालथा ठेवेन. वर माझा हात. म्हणेन, आधी तिला विचारा, दाखवायला हो म्हटलं होतंस का. तिचं उत्तर लिहून घ्या. त्याआधी हात उचलणार नाही.