समुद्रात पडलेला पाऊस

नगरच्या सावेडीत आमच्या समोर राहणाऱ्या काकांची थोरली मुलगी किनाऱ्यावरच्या एका मोठ्या शहरात नोकरीला होती. कोणते ढग शहराकडे येताहेत आणि किती पाऊस देतील, हे रडारच्या पडद्यावर पाहून सांगायचं तिचं काम. पाहुण्यांना आम्ही हे आवर्जून सांगायचो. बोलताना तिचा हात त्या पडद्यावर फिरणाऱ्या रेघेसारखा सावकाश गोल फिरायचा. सुट्टीवर आली की गल्ली विचारायची, "ताई, आपल्याकडं कधी?"

"मधे डोंगर आहेत. तिथून नगर दिसत नाही, उगाच कसं सांगू?"

पंच्याण्णव सालाच्या आसपास एका पावसाळ्यात तिने मुसळधार पावसाचा इशारा दिला. नाल्याकाठची वस्ती शाळेत हलवली, आणि ढग समुद्रावरच रिकामे झाले. पेपरांनी थट्टा केली. नंतर ती घरी आली, तेव्हा चहाला जमलेल्यांपैकी एकाने विचारलंच, "काय ताई, पाऊस कुठं गेला तुमचा?"

काकांची मान खाली गेली. ती शांतपणे म्हणाली, "समुद्रात पडला. वारा फिरला, माझा अंदाज चुकला."

"पुन्हा तसेच ढग दिसले तर?"

"पुन्हा लोकांना हलवायला सांगीन."

"लोक हसतील की!"

"हसू देत. हसायला सगळे असतील ना."

काका मूळचे खर्ड्याचे, भरून आलं की त्यांच्या तोंडी गावची बोली यायची. त्यांनी मान वर केली.

"ऐकलं का? लेक हाय माझी," म्हणाले, आणि चहाचा पहिला कप तिच्या हातात दिला.