तांबडमाळाचं नाव

फलटणच्या उसाच्या काळ्या रानातनं संयोगिता कुसळेवाडीला नांदायला आली, तेव्हा सासरची जमीन बघून तिच्या आईनं पदर डोळ्यांना लावला होता. सांगली जिल्ह्याच्या कोरड्या अंगाला, गावाच्या वर, तो तांबडा मुरमाड उतार. हातभर खणलं की खडक. लोक त्याला तांबडमाळ म्हणायचे. सासऱ्यांनी पहारीनं खडक फोडून तिथं रान केलं होतं आणि सासूनं, हरणाबाईनं, डोक्यावरनं दगड वाहून बांध घातले होते.

नवरा इंद्रजित फौजेत. संयोगिता विज्ञान शिकलेली, म्हणून तिनं पलूसकडच्या एका वाइनच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी धरली. पुढं तो कारखाना बंद पडला, पण रस कसा आंबतो, कशानं बिघडतो, हे तिच्या हातात मुरलं होतं. इंद्रजित पेन्शनीत आल्यावर दोघांनी माळावर शिराज जातीच्या काळ्या द्राक्षांची बाग लावायचं ठरवलं.

रोपं आली त्या दिवशी हरणाबाई बांधावर येऊन उभी राहिली.

"ही द्राक्षं खायाची का प्यायाची?"

"प्यायाची, आत्या," संयोगितानं खरं ते सांगितलं.

हरणाबाई खाली बसली. तिचा धाकटा मुलगा सिद्धू एसटी स्टँडामागच्या गुत्त्यावर पिऊन पिऊन गेला होता. शेवटी पोट फुगलं होतं, डोळे हळदीसारखे झाले होते. त्यानंतर ही बाई दारोदार फिरली, बायका गोळा केल्या, आणि दारूबंदीच्या मतदानात गावानं बाटली आडवी केली. नवी सून संयोगिताही तेव्हा तिच्याबरोबर घरोघर हिंडली होती.

हरणाबाई म्हणाली, "माझ्या उंबऱ्याच्या आत आणू नगंस. गावातबी न्हाई." आणि उठून गेली.

बाग धरली. वाइन व्हायची ती पलूसला, जयराजच्या छोट्या कारखान्यात. जयराज त्या बंद पडलेल्या कारखान्यातला संयोगिताचा जुना सहकारी. त्याची स्वतःची बाग कृष्णेकाठी होती, जात तीच, शिराज. पण नदीकाठच्या काळीत त्याचे मणी टपोरे व्हायचे, पाण्यानं फुगायचे. माळावरचे मणी करवंदाएवढेच राहायचे, साल जाड, रंग शाईसारखा. दिवसा खडक तापायचा, रात्री माळावर झोंबरा वारा सुटायचा, आणि त्या उन्हाथंडीत घडात काहीतरी वेगळंच भरायचं. जयराजची वाइन सरळ, गोडसर. तांबडमाळाची जरा तुरट. तिला जांभळाचा आणि तापल्या दगडावर पाणी शिंपडल्यावर येतो तसला वास.

पुण्याहून माया जयराजच्या कारखान्यात आली. मोठ्या हॉटेलांना वाइन पुरवायचा तिचा व्यवसाय. तिनं दोन्ही पेले चाखले आणि माळाचा पेला पुन्हा हातात घेतला.

"अशी मला दुसरीकडं मिळणार नाही," ती म्हणाली. "जात सगळ्यांकडंच आहे. जमीन तुमच्याकडंच आहे. बाटलीवर मोठ्या अक्षरात गावाचं नाव टाका. लोक ते नाव मागतील."

संयोगिता हरखली. पण ती घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. हरणाबाई चुलीपाशी बसली होती, पण चूल पेटवलेली नव्हती.

"कुसळेवाडीचं नाव बाटलीवर लावणार व्हय गं?"

"आत्या, ही त्या गुत्त्यातली दारू न्हाई. लोक जेवताना पेलाभर—"

"सिद्धूबी पयल्यांदा पेलाभरच घ्यायचा." हरणाबाईचा आवाज चढला नाही. "या गावानं बाटली आडवी केली. शेजारच्या गावच्या बायका अजून आमचं नाव घेत्यात. त्येच नाव तू बाटलीवर उभं करतीयास. जिची जिची माणसं गेली, तिला तिला जाऊन इचार."

संयोगितानं कुणालाच विचारलं नाही. उत्तर तिला ठाऊक होतं. तिनं मायाला फोन केला आणि नाव मिळणार नाही म्हणून सांगितलं. नाव नसेल तर वेगळी बाटली खपणार नाही, असं मायाचं म्हणणं पडलं. त्या वर्षी तांबडमाळाचा सगळा माल जयराजच्या नदीकाठच्या वाइनीत मिसळला. मिसळताना संयोगिता टाकीपाशी उभी होती. नंतर तिनं चाखून बघितलं. माळाचा मागमूस उरला नव्हता. ती बाहेर जाऊन पायरीवर बसली.

पाडव्यानंतर इंद्रजितनं बाग काढायला जेसीबी बोलावला. "मिसळून विकायची तर बाग परवडायची नाही. ऊस तरी लावू. पाणी आलंय आता कॅनॉलचं," म्हणाला. संयोगितानं अडवलं नाही.

अडवलं हरणाबाईनं. ती जेसीबीसमोर बांधावर येऊन बसली.

"इंद्रा, हितला एकेक दगड मी वाह्यलाय. माझा पोरगा गुत्त्यानं खाल्ला, या माळानं न्हाई." मग सुनेकडं बघून म्हणाली, "गाव समद्यांचं हाय, त्येचं नाव न्हाई मिळायचं. माळ आपला हाय. माळाचं नाव लाव. कुणी बोललं तर आपल्याला बोलंल."

"आत्या, मनापासनं म्हणताय न्हवं?"

"न्हाई," हरणाबाई म्हणाली. "पर लाव."

आता पुण्यातल्या काही हॉटेलांत 'तांबडमाळ' नाव घेऊन वाइन मागतात. खप फार नाही, पण मागणारा पुन्हा मागतो. मायाला वाटलं, बाटलीमागं थोडी कहाणी छापावी. दगड वाहणारी सासू, शिकलेली सून, लोकांना आवडेल. संयोगितानं साफ नाही म्हटलं. "मातीचं लिहा, वाऱ्याचं लिहा, उंचीचं लिहा. माणसांचं काही लिहू नका."

तिनं आजवर एकही बाटली गावात आणलेली नाही. हरणाबाई छाटणीला येते, बांध ढासळला तर स्वतः रचते, पण घरात त्या बाटलीचा विषय निघाला की उठून परसात जाते. यंदा तोडणीला गावातल्या निम्म्याच बायका आल्या. न आलेल्यांना संयोगितानं निरोप धाडला नाही, आणि आलेल्यांना का आलात म्हणून विचारलं नाही. ऊन चढायच्या आत घड क्रेटमध्ये भरायचे होते. ती शेवटच्या ओळीत शिरली आणि कामाला लागली.