एकाच लिंबोणीच्या गुट्या

आमच्या निमोण्याच्या मळ्यात विहिरीकडची लिंबोणी म्हणजे आबांचा, माझ्या सासऱ्यांचा, जीव की प्राण. लेक सासरी गेली की तिच्या रानात याच झाडाच्या गुट्या लावायच्या, ही घरची रीत. फांदीची साल काढून ओलं शेवाळ बांधायचं, मुळं फुटली की फांदी कापून द्यायची. थोरल्या नणंदेची वडगाव रासाईची अख्खी बाग अशीच उभी राहिली. यंदा कवठे येमाईच्या धाकटीची पाळी. गुट्या बांधून झाल्या होत्या.

तेवढ्यात बांधाकडची लिंबोणीची दोन झाडं वाळायला लागली. साल सोलली तर आत लाकडाला खाचा. लॅबवाल्या मॅडम तपासायला पानं घेऊन गेल्या, विहिरीकडच्या झाडाचीसुद्धा. फोन आला, तिन्ही झाडांत व्हायरस आहे. आबांनी आजारी दोन्ही तोडली, जाळली आन् कुऱ्हाड घेऊन तिसऱ्याकडं वळले. हे झाड तर हिरवंगार, फळांनी लगडलेलं. आबांपुढं मी कधी तोंड उघडत नाही, पण त्या दिवशी आडवी गेले. म्हटलं, मॅडम म्हणाल्यात, या व्हायरसच्या जाती लई असतात, एखादी गरीब, एखादी जीव घेणारी. आपली कुठली हाय ते तरी कळू द्या.

ते थांबले, आन् मग मलाच भ्या बसलं. मावा, पाल्याखालची बारीक कीड, हा रोग झाडावरून झाडावर नेतो. रोज पाला उलटून बघायचे, चुलीवर भाकरी करपायची.

पुढचा रिपोर्ट घेऊन मॅडम स्वतः आल्या. झाडात दोन्ही जाती निघाल्या. गरीब जात दुसरीला दाबून ठेवते म्हणून झाड टिकलंय, म्हणाल्या. पण या फांदीत एक, त्या फांदीत दुसरी, असंही असतं, आन् नुसतं बघून कळत नाही. मी गुट्यांचं विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. त्याच दुपारी मी सगळ्या गुट्या उतरवून पेटवल्या. मुळं पांढरीशुभ्र फुटली होती.

धाकटी गुट्या न्यायला आली तवा तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, फुगून बसेल. ती पायरीवर टेकली आन् आबांकडं बघून म्हणाली, "मंग ताईच्या बागेचं काय?"

इतके दिवस आबांनी आन् मी थोरलीचं नाव मुद्दाम टाळलं होतं. आबांनी खिशातला फोन काढून माझ्या हातात दिला.

"तूच लाव फोन, पोरी. माझ्यानं न्हाई व्हायचं."

मी लावला. रिंग वाजत होती आन् देवा, तिनं उचलूच नये असं मला वाटत होतं.