पाव फेरा

मिस्त्री कुणाशीही बोलायच्या आधी मशीनला हात लावत. तोही उलटा. तळव्याची मागची बाजू बेअरिंगच्या झाकणावर क्षणभर टेकवायची, मग समोरच्याकडे वळून म्हणायचं, "हां, बोला." तहसीलदार आले तरी हाच क्रम.

"सुलटा हात का नाही लावत?" मी पहिल्याच भेटीत विचारलं.

"घट्टे पडलेत बाई त्याला. त्याला काय कळतंय?"

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता आणि सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला होता. मी जुन्या जिल्ह्याच्या कचेरीत याद्या करत होते. काय आपल्याकडे राहणार, काय तिकडे जाणार: खुर्च्या, जिपा, टँकर लागणारी गावं. मांजरेच्या काठचं जुनं पॉवरहाऊस हे त्यातलं शेवटचं कलम. तुमच्यापैकी कुणी सरकारी यादी केली असेल तर माहीत असेल, शेवटच्या कलमापर्यंत माणूस फार प्रश्न विचारत नाही. मला विचारावे लागले, कारण माझ्याकडे तीनच रकाने होते. चालू, बंद, भंगार.

"मशीन बंद आहे ना?"

"न्हाई."

"मग चालू?"

"न्हाई."

"मिस्त्री, काहीतरी एक सांगा."

"पाण्यासाठी थांबून राहिली हाय. तसं लिव्हा."

"तसा रकाना नाही."

"मग आखा की. पट्टी हाय न्हवं तुमच्यापाशी?"

पाण्यावर वीज करणारं हे मशीन निजामाच्या काळात आलं. उदगीर स्टेशनापासून नदीपर्यंत ते बैलगाड्यांवर आणलं, आणि चढाला गाडी मागून ढकलणाऱ्यांत मिस्त्रींचे वडील होते. धरण भरलेलं असताना आसपासच्या गावांत याच मशीनचे दिवे लागत. आता पाणी इतकं खाली गेलं होतं की धरणातून मशीनकडे येणाऱ्या पाइपाचं तोंड उघडं पडलं होतं. तरी मिस्त्री रोज सकाळी आठला येत, पहार लावून मशीनचं जड चाक पाव फेरा फिरवत आणि चाकाच्या कडेवर खडूची नवी खूण करत. कालची पुसून टाकत.

"एका कुशीवर निजली तर आखडती," ते म्हणत. "वळवावं लागतंय."

मग पत्र आलं. सोमवारी कमिटी येणार. मशीन फिरताना दिसलं तर ठेवायचं, नाहीतर भंगारात लिलाव. मिस्त्री मुळीच घाबरले नाहीत. धरणाचं पाणी उतरायच्या आधीच वरचं दार आणि खालचा व्हॉल्व्ह बंद करून त्यांनी तो मोठा पाइप भरलेलाच ठेवला होता. "दीड मिनिट फिरती तेवढ्यावर. कमिटीला बास."

शनिवारी मी तयारी बघायला गेले तर पॉवरहाऊसच्या दारापासून घागरींची रांग. मिस्त्री पाइपाच्या तळाच्या छोट्या नळापाशी स्टुलावर बसले होते.

"मिस्त्रीमामा, जरा जोरात सोडा की! कंजूष कुठले!"

"जोरात सोडलं तर घागरीसकट उदगीरला जाशील, माय. दमानं भर."

मी म्हणाले, "परवा कमिटी येणार आहे."

"ठाव हाय."

"मग हे पाणी?"

"चार दिस झाले, गावाला टँकर न्हाई. जुना डायवर म्हणतो गाव तिकडं गेलं. नवा म्हणतो आमच्या यादीत न्हाई."

गाव जुन्या यादीतून मी खोडलं होतं. लाल शाईनं, पट्टी धरून. नव्या यादीवर सही व्हायची आहे, हे मला ठाऊक होतं. मधल्या दिवसांत लोक काय पितील, याचा रकाना नव्हता.

"ती यादी माझी," मी सांगितलं.

मिस्त्रींनी पाइपावर उलटा हात ठेवला. खालपासून वर सरकवत नेला. जिथं गारवा संपला तिथं थांबले.

"अजून अर्धा हाय," ते म्हणाले. "घरवार यादी करा. कुणी दोनदा नेऊ ने, कुणी ऱ्हाऊ ने. तुमचं अक्षर चांगलं हाय."

केली. एकही घर राहिलं नाही. संध्याकाळपर्यंत पाइप संपला. रविवारी कचेरीतल्या साहेबांच्या घरी जाऊन मी नव्या यादीवर सही आणली. टँकर सोमवारी आला, कमिटीच्या जीपच्या मागोमाग.

"फिरवा," कमिटीचे साहेब म्हणाले.

मिस्त्रींनी पहार लावली. पाव फेरा. काही आवाज नाही, काही अडलं नाही.

"पाण्यावर फिरवा."

"पाणी लोकं प्याले, सायेब."

साहेबांनी माझी यादी मागितली. तीन रकान्यांच्या शेजारी चौथा होता: पाण्यासाठी थांबून. त्यात एकच नोंद होती.

"हा कुणी आखला?"

"मी."

साहेबांनी खिडकीतून टँकरभोवतीची गर्दी पाहिली, मग घड्याळ. जेवायची वेळ झाली होती. त्यांनी सही केली.

त्याच वर्षी मिस्त्री निवृत्त झाले. तरी आठला येतच राहिले. बदली माणूस कुणी आला नव्हता आणि पहारेकऱ्याला त्यांना अडवायचं सुचलं नाही. दुष्काळ उठायच्या आधी, आषाढात, ते गेले. नंतरचे दोन महिने पहारेकरी चाक फिरवत होता. खडू मात्र त्यानं हातात घेतला नाही.

भाद्रपदात धरण भरलं. मशीन सुरू करायला नवे इंजिनिअर आले, मीही फाईल घेऊन गेले. व्हॉल्व्ह उघडला. चाकावर मिस्त्रींची शेवटची खूण तशीच होती. ती सावकाश वर आली, खाली गेली, आणि वेग वाढला तसं तिचं एक पांढरं कडं झालं.

इंजिनिअर काटे बघत होते. त्यांना माझ्याकडून कागद हवे होते.

मी बेअरिंगच्या झाकणाकडे हात नेला, मग उलटा केला. कोमट होतं. हवं तेवढंच.

"हां," मी वळून म्हणाले, "बोला."